बत्तीस वर्षांची बाटली

हिल्डा टॉर्विकबाईंचा मुलगा आयनार अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली त्या पहिल्याच वर्षी समुद्रात, तोफेपाशी मेला. नौदलाने त्याचं नाव एका नव्या जहाजाला दिलं. मालवाहू ताफ्यांची राखण करणारं ते जहाज पाण्यात सोडताना रिवाजाप्रमाणे त्याच्या नाकावर शँपेनची बाटली फोडली, ती आईनेच.

युद्ध संपल्यापासून दर ऑगस्टला त्या जहाजावरचे खलाशी मिनेसोटात, बाईंच्या गावी जमत. फुटक्या बाटलीची लाकडी पेटी मांडीवर घेऊन बाईंना मधल्या खुर्चीत बसावं लागे. बत्तीस वर्षं त्याच गप्पा, त्याच लाटा, तीच बुडवलेली पाणबुडी. आयनारला मात्र त्यांच्यातल्या एकानेही पाहिलेलं नव्हतं.

यंदा जहाज भंगारात निघालं होतं. म्हातारे रडवेले झाले होते. बाईंचे पाय सुजले होते आणि त्यांना घरी जायचं होतं, पण विचारतो कोण!

"आई, यंदा तुम्ही दोन शब्द बोलाच," जहाजावरचा जुना आचारी लायल म्हणाला. "कुठल्या वादळात डगमगलं नाही आपलं जहाज. नावाचा गुण, दुसरं काय!"

"डोंबलाचा गुण!" बाई खेकसल्या. "आयनारला बोट लागायची. तळ्यावर मासे धरायला गेला तरी ओकून यायचा. भरती व्हायला निघाला तेव्हा म्हणाला, आई, हे कुणाला सांगू नकोस हं."

बाईंनी पेटी लायलच्या हातात ठेवली.

"बत्तीस वर्षं नाही सांगितलं. आता मला घरी सोड."