संगणकातलं कुंकू
परवा पंखेवाल्याने डाग देऊन तार जोडली, राळ जळल्याचा वास सुटला आणि मला नांदेडचं ते संगणक दुरुस्तीचं दुकान आठवलं. मुलगा अपघातात गेला, मागे त्याचा जुना संगणक राहिला. मालक, म्हणजे माझा नवरा, रोज सकाळी तो नुसता चालू करायचे; त्याची घरघर ऐकली की पोरगं खोलीत आहे असं त्यांना वाटायचं. मग तो बंद पडला. लातूरचे दुरुस्तीवाले ‘ठेवून जा’ म्हणायचे, पण आतला मदरबोर्ड बदलून टाकतील म्हणून मालक ठेवत नव्हते. मग आम्ही दोघं तो घेऊन बसने नांदेडला गेलो. तिथला दुकानदार म्हणाला, “काका, तुमच्यासमोर उघडतो.” उघडलं तर बोर्डावर लाल चिखल वाळलेला. “ह्याच्यात कुंकू कुणी टाकलं?” “दसऱ्याला पूजा करतो की. पोरगं करायचं, म्हून मीबी. हळद-कुंकू, वरून पाणी.” “पोरगं नुसतं फूल वाहत असंल, काका. पाण्यानं बोर्ड सडला. आता न्हाई व्हायचं.” मी म्हणाले, “उचला, बस जाईल.” बसमध्ये मालकांनी ते खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. पुढच्या दसऱ्याला त्यांनी विळ्यालासुद्धा कुंकू लावलं नाही. आता मालकही नाहीत. विळ्याला मी लावते. संगणकावरून कोरडं फडकं फिरवते.