मानेच्या गाठी आणि चांद्याचा बांध

"बांध तुझा, शांताराम. मी काय वर घेऊन जाणार हाय का?"

हे मी ऐकलं तेव्हा पेशंट माझ्या केबिनमध्ये आलाही नव्हता. वेटिंगमध्ये सगळ्यांसमोर बसून जवळच्या चांदे गावचे बबनराव धाकट्या भावाला शेताचा बांध देत होते. माझी नर्स नसीमा आत डोकावली. "मॅडम, यांना आधी घ्या. नाहीतर शेजारच्या बाईंना ट्रॅक्टर देऊन टाकतील."

घेतलं. पिरंगुटला माझा कान-नाक-घशाचा दवाखाना आहे. इकडे दुखणं एकाचं असतं, माणसं गाडी भरून येतात आणि उत्तरं पेशंट सोडून बाकीचे देतात. त्या मानाने आज गर्दी कमी होती. बबनराव, त्यांच्या पत्नी सुमनताई आणि भाऊ शांताराम.

माझे प्रश्न ठरलेले आहेत. टेबलाच्या काचेखाली त्यांची यादी आहे आणि मी क्रम मोडत नाही.

"गाठ कधीपासून?"

"झाले आठ-दहा दिवस," शांताराम म्हणाले.

"दुखते का?"

"लई दुखती. रात्री कूस बदलू देत न्हाई," सुमनताई म्हणाल्या.

"बबनराव, तुम्ही सांगा."

"मी काय सांगू? तंबाखू खातोय तरणा व्हतो तवापासनं. कॅन्सर हाय. तुमी फक्त किती दिवस राहिलेत तेवढं सांगा. बांधाचं आत्ताच मिटवलंय."

आवाज बेफिकीर होता, पण बोटं पुन्हा पुन्हा मानेकडे जात होती. सुमनताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. माणूस खरोखर घाबरला होता आणि तंबाखू खाणाऱ्याने घाबरणं चुकीचंही नव्हतं.

गाठी दिसत नव्हत्या. दोन्ही कानांमागे चुना आणि गुळाचा लेप वाळून पापडासारखा झाला होता.

"हा कुणी लावला?"

"मी," शांताराम म्हणाले. "आमच्या बैलाला गुण आला व्हता."

नसीमा कोमट पाण्याने बैलाचा उपचार उतरवू लागली. तोवर मी तिघांना समजावलं. मानेत गाठ आली की लोकांच्या डोक्यात पहिला शब्द कॅन्सर येतो. पण कारणं पुष्कळ असतात. दात किडला, घसा सुजला तरी गाठ येते. टीबीने येते, मग बहुतेकदा संध्याकाळी ताप येतो, वजन उतरतं. थायरॉइडची गाठ गळ्यापुढे असते आणि घोट गिळला की वरखाली होते. नुसती चरबीची असते, ती कुणाला त्रास देत नाही. कॅन्सरची बहुधा कडक, जागेवर घट्ट बसलेली असते, सुरुवातीला दुखत नाही आणि वाढत जाते. म्हणून न दुखणाऱ्या गाठीला मी जास्त घाबरते.

"म्हंजी दुखतंय ते चांगलं?" बबनराव.

"आत्ता तरी."

तोंड, जीभ, घसा बघितला. दात तंबाखूने रंगलेले, पण जखम कुठे नाही. घोटभर पाणी प्यायला लावलं, गाठी हलल्या नाहीत. मग बोटांनी चाचपल्या. कानांमागे आणि मानेच्या मागच्या बाजूला, केसांच्या कडेला पाच-सहा होत्या. दुखऱ्या, बोटाखाली सरकणाऱ्या. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, गावाकडे त्याला अवधाण म्हणतात. हे तसंच होतं. फक्त मानेच्या मागे अवधाण येतं ते बहुधा डोक्यावर काहीतरी बिघडल्यामुळे.

"टोपी काढा," मी म्हणाले.

"टोपी कशाला? गाठ मानंला हाय."

"डोकं बघायचंय."

"डोकं शाबूत हाय माझं."

"त्याबद्दल घरात दोन मतं हायेत," सुमनताई म्हणाल्या.

बबनरावांनी टोपी दोन्ही हातांनी धरली. "धाकट्या भावासमोर उघड्या डोक्यानं बसू? सुतकात बसल्यावानी?"

दोघांना बाहेर जायला सांगितलं. कुणी उठलं नाही. शेवटी मी म्हणाले, "असं बघा, नाहीतर गाठीत सुई घालून नमुना लॅबला पाठवावा लागेल. टोपी काढलीत तर कदाचित सुईची गरजच पडणार नाही."

त्यांनी जरा विचार केला. "सुई घाला."

इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये टोपीपेक्षा सुई पसंत करणारा पेशंट मी पहिल्यांदा बघितला. सुमनताई उठल्या आणि भाकरी उलथावी तशी टोपी उचलून बाजूला ठेवली.

केस इतके काळे होते की त्यात ट्यूबलाइट दिसत होती. आणि खाली सगळी कातडी लाल, खाजवून सोललेली, जागोजागी पिवळ्या खपल्या.

"डाय कधी लावलात?"

"डाय? मी? आमच्या घराण्यात केस पिकतच न्हाईत."

शांतारामांनी सावकाश स्वतःची टोपी काढली. डोकं कापसासारखं पांढरं. "दादा, मग मी कुठल्या घराण्यातला?"

नसीमा कापूस आणायला बाहेर गेली. कापूस टेबलावरच होता.

"खोटं बोलू नगा," सुमनताई नवऱ्याला म्हणाल्या. "उशीचे अभ्रे मी धुतीया."

मग सगळं बाहेर आलं. एरवी बबनराव बावधनच्या सलूनमध्ये जायचे, कारण तिथे चांद्याचं कुणी भेटत नाही. या वेळी पुतण्याचा साखरपुडा तोंडावर, वेळ नाही. दुकानातून पुडी आणली, डोक्याला फासली आणि घरात दिसू नये म्हणून वर टोपी घातली. पाव्हणे आले, त्यांच्याबरोबर शेत दाखवत भर उन्हात फिरले. डाय धुतला तो दिवस मावळल्यावर.

"आग व्हत नव्हती?" शांतारामांनी विचारलं.

"व्हत व्हती. पर चार लोकांत सांगू काय?"

डायची अ‍ॅलर्जी, वर जंतुसंसर्ग, त्यामुळे गाठी. डाय कायमचा बंद. डोक्याला लोशन, खाज कमी करायची गोळी, आठवडाभर अँटिबायोटिक. तीन आठवड्यांनी परत दाखवायचं, तेव्हा गाठी उतरल्या नाहीत तर सोनोग्राफी आणि सुई.

"म्हंजी मी मरत न्हाई?"

"यानं नाही. तंबाखूचं मी काही सांगू शकत नाही."

सुमनताईंनी डोळे पुसले आणि लगेच नवऱ्याच्या खिशातली तंबाखूची डबी काढून माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. बबनरावांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते भावाकडे वळले होते.

"शांताराम, ते बांधाचं..."

"शब्द दिलाय, दादा. अख्ख्या दवाखान्यानं ऐकलाय."

"तो मरणाऱ्या माणसानं दिला व्हता!"

"बरं. मग चौकात फ्लेक्स लावतो. आमचे दादा केस काळे करताना वाचले, हार्दिक अभिनंदन."

भांडत भांडतच तिघं गाडीत बसली.

तीन आठवड्यांनी बबनराव आले ते टोपी हातात घेऊन. डोक्यावर पांढरे खुंट, कातडी स्वच्छ. गाठी उतरलेल्या, एक वाटाण्याएवढी उरली होती. मऊ, न दुखणारी. अशी एखादी काही दिवस रेंगाळते. वाढली तर लगेच या, नाहीतर महिन्याने या, असं सांगितलं.

न राहवून विचारलं, "बांधाचं काय झालं?"

"निम्मा दिला," ते म्हणाले.

"निम्माच का?"

उत्तर सुमनताईंनी दिलं. "बोलणी झाली तवा गाठी निम्म्याच उतरल्या व्हत्या."

काचेखालच्या यादीत मी दोन गोष्टी वाढवल्या आहेत. मानेची गाठ असेल तर आधी टोपी काढायची, त्यासाठी नसीमाने दारामागे खुंटी ठोकून घेतली आहे. आणि डोक्याला काय लावता हे पेशंटला विचारून झालं, की घरात उशीचे अभ्रे जे धुतात, त्यांना विचारायचं.