केस वाळेपर्यंत

पार्लरवालीकडे किस्से साठतात, त्याला कारण आहे. बायका खुर्चीत बसल्या की आपोआप बोलायला लागतात, आणि दुकान बंद करून वरच्या खोलीत गेलं की ते सांगायला मला कोणी नसतं. नवरा मुंबईला नोकरीला. येतो तो गणपतीला आणि शिमग्याला. मग साठणारच ना! आज तुम्ही सापडलात, ऐका.

महाडमध्ये हेड स्पा बहुतेक मीच पहिल्यांदा आणला. पुण्याला आठ दिवसांचा कोर्स करून आले आणि बोर्डावर लिहिलं, 'ओला व सुका'. ओल्यात मान मागे बेसिनवर टाकून शाम्पू, क्रीम, पाणी. सुक्यात पाणी नाही, तेल नाही, नुसती बोटं.

पहिलं गिऱ्हाईक दासगावची एक वहिनी. सुक्याची माहिती ऐकून म्हणाली, "नुसतं डोकं चोळायचं? ते तर आमची जाऊ उवा बघताना फुकट करायची."

"मग इथे कशा आलात?"

"जाऊ गेली मुंबईला. आता डोक्याला हात लावणारं घरात कोण नाय."

सुकाच केला, जरा जास्त वेळ.

*

कापडे गावची एक सून हौसेने ओला करून गेली. लाइट नव्हती, ड्रायर बंद, ती तशीच ओल्या केसांनी एसटीत बसली. आता भलत्या वारी डोक्यावरून पाणी घेतलं म्हणजे कोणीतरी गेलं, अशीच आमच्याकडे समजूत. एसटीतली एक म्हातारी पुढे जाऊन सासूला सांगून मोकळी झाली, "सुनेच्या माहेरचं कोण तरी गेलंय गो!"

सून पोचते तर अंगणात बायका जमलेल्या आणि सासू हंबरडा फोडून रडतेय. पुढच्या महिन्यात सून परत आली. "ताई, माझ्या माणसांसाठी ती एवढी रडंल असं वाटलं नव्हतं. ओलाच करा."

*

बदली होऊन आलेल्या एका साहेबांच्या मिसेस होत्या. गावात ओळख नाही, साहेब दिवसभर दौऱ्यावर. त्या नेहमी सुका घ्यायच्या. का, ते मी एकदा विचारलं.

"ओल्यात छताकडे बघावं लागतं हो. ते मी घरी बघतेच. सुक्यात आरशात तुम्ही दिसता."

*

आणि आमच्या बाई. शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, मुलगा परदेशात. बुधवारी साडेतीनला यायच्या आणि ओला घ्यायच्या. चारला लोडशेडिंग सुरू व्हायचं, ते सातपर्यंत. ड्रायर बंद. ओल्या केसांनी बाहेर पडलं की बाईंना सर्दी होते, म्हणून केस वाळेपर्यंत त्या बसून राहायच्या. मी चहा टाकायचे. शाळेतल्या गोष्टी निघायच्या, मुलाची पत्रं निघायची.

"बाई, सकाळी या ना, लाइट असते," मी एकदा सुचवलं.

"सकाळी मला कामं असतात."

दोन खोल्या आणि एक माणूस, कामं कसली? मला कळायला सहा महिने लागले. खरं सांगू? बुधवारची वाट मीही बघायचे. आठवड्यात माझ्याशी कोणी सलग बोलायचं ते तेवढंच.

त्या गणपतीला नवऱ्याने मोठा इन्व्हर्टर बसवून दिला, ड्रायरसुद्धा चालेल असा. "आता तुझं गिऱ्हाईक खोळंबणार नाही," म्हणाला.

बुधवारी चारला लाइट गेली आणि ड्रायर झकास सुरू झाला. बाईंचे विरळ केस दहा मिनिटांत वाळले. त्यांनी केसांवरून हात फिरवला. "सोय झाली हो तुझी," म्हणाल्या आणि छत्री घेऊन गेल्या. चहासुद्धा घेतला नाही.

पुढचे दोन बुधवार त्या आल्याच नाहीत. मी दोन कप चहा टाकून बसले होते, दोन्ही वेळा.

तिसऱ्या बुधवारी सव्वाचारला दारात उभ्या. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात अंधार होता. आत न येताच त्यांनी विचारलं, "काय गं, ओला आणि सुका, दोन्हींत जास्त वेळ कशाला लागतो?"

"ओल्याला," मी म्हटलं. "इन्व्हर्टर बिघडलाय, बाई."

बाईंनी माझ्या डोक्यावर गरगर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. मग चपला काढल्या, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि खुर्चीत बसत म्हणाल्या, "मग ओलाच कर."