वरणात बुडणारी पट्टी

लोहारा गावातल्या एका दाल मिलमध्ये मी काही दिवस कॉम्प्युटरवर कामाला होतो. तिथे गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्टीवरून माणसाची जात ठरायची. कायम कामगार निळा, ठेक्यावरचा पिवळा, साहेब हिरवा आणि माझ्यासारखा पाहुणा पांढरा. जेवायलाही सगळे रंग पाहूनच बसायचे.

डाळ निवडणारी एक पिवळ्या पट्टीची बाई मात्र डबा घेऊन सगळीकडे फिरायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तिला बोलण्याआधीच हसू यायचं. पहिल्याच दिवशी माझ्यापाशी थबकून म्हणाली, “काढून ठेव ना बाबू, तुही पट्टी वरनात बुडून राह्यली.”

मी काढली. तिने ती कडुलिंबाच्या फांदीला अडकवली आणि शेजारी आपलीही. हळूहळू फांदी रंगीबेरंगी झाली आणि खाली डब्यांची सरमिसळ सुरू झाली. सुपरवायझर साहेबही पट्टी अडकवू लागले, पण बसायचे खुर्चीवर, जरा लांब.

एकदा जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला आणि घाईत साहेबांनी पिवळीच पट्टी गळ्यात घातली. नवा मुकादम ओरडला, “ए पिवळ्या, ट्रक लागला, पोतं उचल!”

ती डाळ निवडणारी बाई खो खो हसली. “उचला ना साहेब एखादं. उद्या वरन अजून गोड लागन!”

साहेबांनी बाह्या सारल्या आणि खरंच उचललं. डुलत डुलत ट्रकपर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला कडुलिंबाखाली पोचलो तेव्हा हिरवी पट्टी आधीच फांदीवर होती. खुर्ची रिकामी होती, आणि साहेब खाली मांडी घालून तिच्या वरणाची वाट पाहत होते.