कोरड्या बोअरचा श्वास

सौंसरजवळच्या आमच्या संत्र्याच्या बगिच्यात एक आटलेला बोअर आहे. त्याच्या पाइपावर पत्रा ठेवलेला असतो. यंदा उन्हाळ्यात मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागली, म्हणून मी दुपारी तिथे सावलीला बसले होते, तर शिट्टी ऐकू आली. बारीक, न थांबणारी. वारा तर पडलेला. मी पत्रा सरकवून वाकले आणि माझ्या पदराचं टोक सरकन पाइपात ओढलं गेलं.

मी सासऱ्यांना हाक मारली. "मामाजी, हा बोअर श्वास घेऊन राहिला!"

ते हसले नाहीत. पाइपाला कान लावून म्हणाले, "खालचं पानी कोनीतरी ओढून राहिलं. रिकाम्या जागेत हवा चालली."

त्यांनी आमची चालू मोटर बंद केली. शिट्टी मंदावली, पण थांबली नाही. मामाजींनी ओरडून सांगितलं, तशी शेजारच्या बगिच्यातल्या काकांनीही त्यांची बंद केली, तेव्हा थांबली. काका बघायला आले, आणि का कोण जाणे, त्यांनी बोअरपाशी चपला काढल्या. आम्ही तिघंही हळू आवाजात बोलू लागलो.

नळाला पाणी नाही म्हणून गाव आम्हा बगिचेवाल्यांवर चिडलेलं होतं. आम्ही म्हणायचो, आमचं पाणी खोलातलं, गावाच्या विहिरीशी त्याचा काय संबंध?

तेवढ्यात शिट्टी पुन्हा सुरू झाली.

"आता कोन?" काकांनी विचारलं.

गावाकडून नळाच्या विहिरीवरच्या पंपाची घरघर येत होती. आमच्या पायांखाली सगळ्यांचं पाणी एकच होतं.

दुसऱ्या दिवशी गावातली माणसं आली. एकेकानं पाइपावर तळहात धरून पाहिला. भांडायच्या तयारीनं आलेले लोक पाइपाभोवतीच खाली बसले. तिथेच ठरलं, सकाळी फक्त गावाचा पंप चालेल, नंतर बगिचे पाळीपाळीनं. तेवढं पाणी सगळ्या झाडांना पुरेना. वरच्या बांधाकडची झाडं आम्ही वाळू दिली. ती तोडली त्या दिवशी मामाजी घरातून बाहेर पडले नाहीत.

नळाला आता पाणी येतं. पण आधी तोटीतून नुसती हवा येते, लांबलचक, कोणी उसासा सोडावा तशी. बायका घागरी धरून उभ्या असतात. ती हवा संपेपर्यंत कोणी बोलत नाही.