पाय पूर्वेला

खड्डेवाल्याने जन्मभर एकच काम केलं आणि ते नेटकं केलं. चर्चमागच्या दफनभूमीत तो कबरी खणायचा. माणूस लहान असो की मोठा, डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. कारण साधं. प्रभू परत यायचा तो उगवतीकडून. मेलेला उठून बसला की त्याचं तोंड थेट तिकडे पाहिजे. फक्त फादर लोकांचं उलटं. त्यांचं डोकं पूर्वेला, म्हणजे उठल्यावर समोर आपली माणसं, रोज चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेला असतात तशी.

त्याची बायको चर्च झाडायची. तोंडाने फटकळ. कोण उशिरा आलं, कोण प्रार्थनेत पेंगलं, कुणाच्या पोराचं नाक वाहतंय, सगळ्यांची झाडाझडती ती दारातच घ्यायची. लोक पाठीमागे तिला बिशपीणबाई म्हणत. नवऱ्याची तरी कुठे सुटका होती? तो कामावरून आला की उंबऱ्यावरच हुकूम, आधी पाय धू.

ती तापाने गेली तेव्हा नातलगांनी त्याला फावड्याला हात लावू दिला नाही. खड्डा मेव्हण्याने खणला, पेटीही त्यानेच चार जणांना घेऊन खाली सोडली. पेटी दोन्हीकडून सारख्याच रुंदीची, वर फुलांचा ढीग. डोकं कुठलं नि पाय कुठले, बघणाऱ्याला कळायची सोय नव्हती. आणि खड्डेवाल्याला त्या दिवशी काही दिसतच नव्हतं.

माती बसल्यावर तो पश्चिमेच्या टोकाला लाकडी क्रूस रोवायला लागला. मेव्हणा पाण्याची बादली घेऊन आला.

"दाजी, क्रूस पायाशी कशाला लावताय?"

"डोक्याशीच लावतोय."

"डोकं तिकडे आहे. ते टोक माझ्या खांद्यावर होतं की, आणि मी फाटकाच्या बाजूला उभा होतो."

फाटक पूर्वेला. खड्डेवाला अर्धवट रोवलेला क्रूस धरून तसाच खाली बसला. म्हणजे प्रभू येईल त्या दिवशी सगळं गाव उठून त्याच्याकडे बघणार आणि ही एकटी पाठ फिरवून बसणार. वेदीसमोर झाडतानासुद्धा जी मागे मागे सरकत झाडायची, देवाला पाठ म्हणून दाखवायची नाही, ती.

कबर उघडायची परवानगी मागायला तो फादरकडे निघाला. माहेरी आलेली लेक ऐकून भडकली. आईला एकदा निजवलंय, पुन्हा उचकटलंत तर मी या घरात पाऊल टाकणार नाही, असं तिने बापाला सुनावलं.

फादरने त्याला बसवलं, चहा दिला. दर रविवारी आपण संतांचा समागम मानतो म्हणतो, तो काय उगाच? इकडचे नि तिकडचे एकाच घरचे, मधे नुसती भिंत. ती प्रभूपाशी आहे, तू तिच्यासाठी प्रार्थना कर, ती तुझ्यासाठी करतेच आहे. खड्डेवाल्याने मान डोलावली, पण जागचा हलला नाही.

"मग आजवर मला दिशा धरून का खणायला लावलीत?"

"झोपलेल्या लेकराचं पांघरूण आपण नीट करतोच ना? ते वाकडं राहिलं म्हणून लेकरू सकाळी उठायचं थांबतं का?" फादर म्हणाला. "तरी जीव राहत नसेल तर उघड. मी येतो सोबत."

सकाळी तो फावडं घेऊन एकटाच आधी गेला. तिच्या शेजारची जागा त्याने स्वतःसाठी राखली होती. तो त्या गवतात आडवा झाला, डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. मग उठून बसला. ती उठली असती तर बरोबर समोर आली असती, घरी दोघं जेवायला बसत तशी. पहिला शब्द काय काढेल तेही त्याला ठाऊक होतं. पाय धुतलेस का?

पलीकडे जुन्या फादरांच्या कबरी तिच्याच दिशेने होत्या. ते तरी प्रभूला पाठ दाखवणार थोडेच? आधी आपली माणसं उठवतील, मग सगळ्यांना घेऊन वळतील. आणि माणसं उठवायची म्हटल्यावर हिच्याइतकं खमकं दुसरं होतं कोण?

फादर आला तेव्हा फावड्याला ओली माती लागलेली होती, पण कबर जशीच्या तशी होती. खड्डेवाल्याने पश्चिमेचा क्रूस उपटून पूर्वेच्या टोकाला रोवला होता आणि बुडाशी माती चोपत होता.

घरी येऊन त्याने पाय धुतले आणि लेकीला सांगितलं, "माझी पेटी मात्र सगळ्यांसारखीच ठेवा. मामाला फक्त फुलं धरायला दे."