शून्य ठेवलेलं वळण

"हे कोन्या खान्यात टाकू, मॅडम?" आमच्या कार्यालयातले सर्वेक्षक काका चष्मा कपाळावर चढवून विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत पेन हवेतच धरायचे. असा एखादा हट्टी माणूस तुमच्याही कार्यालयात असेल. मला तेव्हा त्यांचा वैतागच यायचा.

रायपूरभोवतीच्या गावरस्त्यांवर पुढचे अपघात कुठे होतील, हे सांगणारं गणित आम्ही बसवत होतो. ते मुळात परदेशी रस्त्यांवर बेतलेलं. काका तात्यापाऱ्यातले, म्हणजे रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीतले, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. फटफटीवर गावोगाव फिरून तक्ते भरायचे. तक्त्यात रुंदी, वळण, वाहनं यांना रकाने होते. डांबरावर वाळत घातलेल्या धानाला नव्हता, रस्त्यातच बसणाऱ्या गायींनाही नव्हता.

"तिकडच्या गाई घरीच राहत असतीन," काका म्हणायचे. आम्ही हसायचो.

अभनपूरकडच्या एका वळणावर पोलीस ठाण्याच्या नोंदीत शून्य अपघात होते. काकांनी मात्र कोटवाराला, म्हणजे गावच्या चौकीदाराला, विचारून चार मृत्यू वहीत लिहून आणले.

"मग ठाण्यात कसे नाहीत?"

"गावात बसून समझौता करतेत, मॅडम. ट्रॅक्टरवाला गावचाच, मेला तोही गावचाच. रिपोट कोन कोनावर करीन?"

"काका, तोंडी माहिती गणितात धरता येत नाही."

"शून्य म्हंजे काही झालं नाही असं नाही. कोनी लिहिलं नाही."

त्यांचं खरं होतं. पण अहवालाची घाई होती. मी शून्यच ठेवलं. त्यामुळे रस्तादुरुस्तीच्या यादीतून ते वळण गळालं. हे मी केलं, गणितानं नाही.

धानकापणीच्या दिवसांत तिथे सायकलवरून शाळेत निघालेली एक मुलगी सिलतऱ्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकखाली आली. ट्रकवाला परका होता, म्हणून समझौता झाला नाही. रिपोर्ट लिहिला गेला.

दुसऱ्या दिवशी काकांनी त्या रिपोर्टची झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली. "हे बसते तुमच्या खान्यात," एवढंच म्हणाले. तक्त्यांची पिशवी खुर्चीवर ठेवून ते गेले, ते परत आलेच नाहीत.

आठवड्यानं फोन केला, तर त्यांच्या मुलीनं उचलला. "पापा अब ये काम नहीं करेंगे, दीदी." मी कारण विचारलं.

"काहून ते तिले माहीत आहे," मागून त्यांचा आवाज आला. लाज वाटून मी फोन ठेवला.

नवी यादी केली, तेव्हा त्या वळणापुढचं शून्य खोडून मी एक लिहिला. काकांच्या वहीतले बाकीचे चौघे अजून कुठेच नाहीत.